सोलापूरच्या हॉटेल-खानावळींचे निवेदन: आधी वेळेची सवलत मागावी की आर्थिक मदत?

प्रश्न
स्टेशनरोड_भोजनालय, ५ ऑगस्ट २०२१

सोमवारी, २ ऑगस्ट रोजी, राज्य शासनाने कोरोनाचे निर्बंध शिथिल करणारा आदेश काढला आणि ज्या अकरा जिल्ह्यांना त्या सवलतीतून वगळले, त्यांत सोलापूर आहे. त्यामुळे आपल्याकडे तिसऱ्या स्तराचेच नियम चालू आहेत. सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत निम्म्या आसनांवर बसून जेवण, चारनंतर फक्त पार्सल आणि घरपोच सेवा, आणि शनिवार-रविवारी दिवसभर पार्सलच. ज्या जिल्ह्यांत दुकानांना रात्री आठपर्यंत परवानगी मिळाली, तिथेही उपाहारगृहांची वेळ चारचीच ठेवली आहे. म्हणून प्रश्न फक्त सोलापूरच्या रुग्णसंख्येचा नाही, असे आम्हाला वाटते.

शहरातील आम्ही काही हॉटेलचालक, खानावळवाले आणि लॉजमालक मिळून पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांना निवेदन देणार आहोत. मसुदा तयार आहे, पण त्यावर आमच्यातच दोन मते पडली आहेत. वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की फक्त रात्री दहापर्यंतची वेळ मागावी, कारण धंदा सुरू झाला की बाकीचे आपोआप मार्गी लागते आणि फार मागण्या केल्या की एकही मान्य होत नाही. तरुण मंडळी म्हणतात की दीड वर्षाचे भाडे, वीज, मालमत्ता कर आणि हप्ते डोक्यावर असताना नुसती वेळ वाढवून मिळाली, तरी किराणा भरायलाही भांडवल उरलेले नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी आमच्या धंद्याची घडण थोडक्यात सांगतो. सोलापुरात दुपारचे जेवण हे बाजारपेठेत, कोर्टकचेरीत किंवा दवाखान्यात आलेल्या माणसाचे असते. रात्रीचे जेवण कुटुंबाचे आणि प्रवाशाचे असते. दुपारच्या थाळीतून रोजचा खर्च कसाबसा निघतो, पगार आणि हप्ते रात्रीच्या गल्ल्यातून जातात. त्यातही स्टेशन आणि एसटी स्टँडच्या परिसरातील आमच्यासारख्यांचे निम्मे गिऱ्हाईक पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि गाणगापूरला जाणारे भाविक आहेत. मार्च २०२० मध्ये बंद झालेली मंदिरे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली आणि या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली. बसून जेवायला राज्यात परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबर २०२० पासून, तीही निम्म्या क्षमतेने, आणि यंदाच्या एप्रिलमध्ये तीही गेली. म्हणजे २५ मार्च २०२० पासून आजपर्यंत रात्रीचे टेबल लावता आले, असा काळ जेमतेम सहा महिन्यांचा भरतो.

माझे प्रश्न असे आहेत. मागण्यांचा क्रम काय असावा? कोणती मागणी कोणाकडे करावी? आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अजूनही रुग्ण सापडत असताना आम्ही रात्रीपर्यंत उघडण्याची मागणी करणे योग्य आहे का? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या बैठकीत कोणी फारसे बोलले नाही, पण माझ्या मनात तो आहे. आमच्या घरातही या आजाराने माणूस गेले आहे.


उत्तर १
निवृत्त_बँक_अधिकारी, ५ ऑगस्ट २०२१

आपल्या मसुद्यात कर्जाविषयी काय लिहिले आहे ते मला ठाऊक नाही, पण बहुतेक निवेदनांत 'बँकांनी सहकार्य करावे' असे एक मोघम वाक्य असते, आणि त्या वाक्याने काहीही घडत नाही. म्हणून आज प्रत्यक्षात काय उपलब्ध आहे, ते आधी समजून घ्यावे, म्हणजे काय मागायचे ते नेमके कळेल.

केंद्र सरकारने मे २०२० मध्ये आपत्कालीन पतहमी योजना आणली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, शासनाच्या पूर्ण हमीवर, नवे तारण न घेता, असे तिचे स्वरूप होते. ३१ मार्च २०२१ रोजी तिचा तिसरा टप्पा जाहीर झाला आणि तो खास आदरातिथ्य, प्रवास-पर्यटन आणि मनोरंजन या क्षेत्रांसाठी आहे. त्यात ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली असून मुदत सहा वर्षांची आहे, ज्यातील पहिली दोन वर्षे मुद्दलाची फेड नाही. बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. समजा आपले त्या तारखेला दहा लाख बाकी होते आणि आपण पहिल्या टप्प्यात दोन लाख घेतले आहेत, तर आणखी दोन लाख मिळू शकतात. अट एवढीच की २९ फेब्रुवारी २०२० रोजी आपला हप्ता साठ दिवसांपेक्षा जास्त थकलेला नसावा. आजच्या स्थितीत या योजनेची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत आहे. रिझर्व्ह बँकेने ५ मे रोजी जाहीर केलेली कर्ज पुनर्रचनेची दुसरी योजनाही त्याच तारखेपर्यंत आहे. ज्यांचे खाते ३१ मार्च २०२१ रोजी नियमित होते आणि ज्यांनी आधी पुनर्रचना घेतलेली नाही, त्यांनी निवेदनाची वाट न पाहता आपापल्या शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ४ जूनला रिझर्व्ह बँकेने हॉटेल, उपाहारगृहे, पर्यटन, खासगी बस अशा क्षेत्रांना कर्ज देण्यासाठी बँकांना १५,००० कोटी रुपयांच्या निधीची सोयही करून दिली आहे. शाखा व्यवस्थापकाला तिची आठवण करून द्यायला हरकत नाही.

आता खरी अडचण. हे सगळे ज्याचे आधीच बँकेत कर्ज आहे त्याच्यासाठी आहे. चाळीस टक्के कशाचे? जे बाकी होते त्याचे. ज्याने आयुष्यभर काटकसर करून कर्जच घेतले नाही, त्याच्या वाट्याला या योजनेतून काहीच येत नाही. आणि आपल्या शहरातील किती खानावळींचे कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेत आहे? माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगतो, लहान हॉटेलवाला पतसंस्थेत जातो, नाहीतर भिशी उचलतो. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांची हप्त्यांची सवलत त्यांना आपोआप लागू झाली नाही, आणि पतहमी योजनेतही त्या नाहीत. गेल्या २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांच्या व्याजावर व्याज घेऊ नये असा निर्णय दिला, त्याचाही उपयोग प्रामुख्याने बँकेच्या कर्जदारालाच झाला.

तेव्हा माझी सूचना अशी की निवेदनात राज्याच्या सहकार विभागाकडे स्वतंत्र मागणी करावी: पतसंस्थांकडून घेतलेल्या हॉटेल व्यवसायाच्या कर्जांना, शासनाने निर्बंध घातलेल्या महिन्यांपुरते, व्याजात अनुदान द्यावे. ही मागणी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या संघटनांच्या निवेदनांत सहसा दिसणार नाही, कारण त्यांचे सभासद मोठे आहेत. ती सोलापूर, बार्शी, पंढरपूर यांसारख्या गावांनीच करायला हवी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. कर्ज म्हणजे मदत नव्हे. बंद काळातील भाडे भरायला काढलेले कर्ज पुढची सहा वर्षे थाळीच्या भावातूनच फेडावे लागणार आहे.


उत्तर २
डॉ_श्वसनविकार, ५ ऑगस्ट २०२१

मूळ प्रश्नातील शेवटचा भाग वाचून मी लिहायला बसलो. मागणी योग्य आहे की नाही, याचे उत्तर ती कोणत्या अटींसह केली जाते यावर अवलंबून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हॉटेलात बसून जेवणे ही जोखमीची गोष्ट आहे, हे आधी मान्य करावे. जेवताना मुखपट्टी काढावीच लागते, माणसे जवळ बसतात, बराच वेळ बसतात आणि बोलतात. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू शहरातील एका हॉटेलात जे घडले, त्याचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. त्या मजल्यावर जेवणाऱ्या ८३ ग्राहकांपैकी दहा जणांना लागण झाल्याचे आढळले, आणि ते दहाही जण शेजारशेजारच्या तीन टेबलांवर बसलेले होते. खोलीला खिडकी नव्हती, आणि वातानुकूलन यंत्र तीच हवा त्या तीन टेबलांवरून फिरवत होते. उरलेल्या ७३ जणांपैकी कोणालाही आजार झाला नाही. ही घटना मला दोन्ही बाजूंनी महत्त्वाची वाटते. बंदिस्त हवा धोकादायक आहे हे ती सांगते, आणि सगळी हॉटेले सारखीच धोकादायक नाहीत हेही सांगते.

म्हणून शासनाच्या नियमात मला जी त्रुटी दिसते ती अशी: नियम घड्याळ पाहतो, हवा पाहत नाही. दुपारी तीन वाजता खिडक्या बंद करून थंड केलेल्या 'फॅमिली रूम'मध्ये, पडदा ओढलेल्या कप्प्यात सहा जण बसलेले चालतात. रात्री आठ वाजता विजापूर रोडवरच्या उघड्या अंगणात, दोन टेबलांत भरपूर अंतर ठेवून बसलेले चालत नाहीत. चारपर्यंतच परवानगी असल्याने एक ते चार या वेळात गर्दी दाटते, हा तुमचा अनुभव असणार. तो निवेदनात लिहावा, पण नुसता लिहून थांबू नये. आपण काय करायला तयार आहोत, ते त्याच पानावर लिहावे: पडद्यांचे कप्पे काढून टाकू, वातानुकूलित दालने तूर्त बंद ठेवू किंवा खिडक्या उघड्या ठेवून चालवू, हवा बाहेर फेकणारे पंखे बसवू, अंगण किंवा गच्ची असेल तिथे आधी ग्राहक बसवू, आणि कर्मचाऱ्याला ताप-खोकला असल्यास पगार न कापता घरी ठेवू. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रोजंदारी बुडेल या भीतीने माणूस आजार लपवतो.

लसीकरणाविषयी एक सावधगिरीची सूचना. उत्साहाच्या भरात 'दोन्ही मात्रा घेतलेले कर्मचारीच ठेवू' असे लिहून देऊ नका. कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर मे महिन्यापासून किमान ८४ दिवसांचे आहे. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला शासकीय केंद्रांवर लस सुरळीत मिळू लागली ती जूनच्या अखेरीस. तुमचे बहुतेक वाढपी याच वयाचे आहेत. ज्याने जूनच्या शेवटी पहिली मात्रा घेतली, त्याची दुसरी सप्टेंबरच्या अखेरीस येते, आणि त्यावर चौदा दिवस धरले तर ऑक्टोबर उजाडतो. 'दोन्ही मात्रा' ही अट उद्याच्या आदेशात आली, तर तुमची वेळ कागदावर वाढेल आणि वाढायला माणूस नसेल. त्याऐवजी हॉटेल कर्मचाऱ्यांसाठी महापालिकेने आरोग्य केंद्रांवर वेगळा दिवस ठेवावा आणि दुसऱ्या मात्रेपर्यंत एक मात्रा व मुखपट्टी ग्राह्य धरावी, अशी मागणी करावी.

रुग्ण वाढू लागल्यास पुन्हा बंद करण्याची आमची तयारी आहे, हेही लिहावे. ते लिहिलेत तर पुढची मागणी, म्हणजे बंद काळातील भरपाईची, अधिक ठामपणे करता येईल.


उत्तर ३
कॅप्टन_नवीपेठ, ६ ऑगस्ट २०२१

मी मालक नाही. नवी पेठेच्या परिसरातील एका हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा प्रमुख, म्हणून काम करतो. वरची दोन्ही उत्तरे वाचली, आणि दोन्ही मला पटली. परंतु मालकांच्या मसुद्यात आमचा उल्लेख कुठे आहे का, हे मला विचारायचे आहे. 'लाखो कामगारांचा रोजगार धोक्यात' असे वाक्य प्रत्येक निवेदनात असते. त्या वाक्यानंतर ज्या मागण्या येतात, त्यांत कामगाराच्या हातात थेट पडेल असे काहीही नसते.

गेल्या १३ एप्रिलला मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात अधिकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरेलू कामगार यांना प्रत्येकी दीड हजार रुपये होते. ते त्यांना मिळायलाच हवे होते. पण हॉटेलातील वाढपी, तंदूरवर उभा राहणारा, मोरीवर भांडी घासणारा, यांचे नाव त्या यादीत नव्हते, कारण आमची कोठेही नोंदणीच नाही. फेरीवाल्याला प्रधानमंत्री स्वनिधीतून दहा हजारांचे कर्ज मिळू शकते. हॉटेल बंद पडल्यावर पोटासाठी हातगाडी लावणाऱ्या वस्तादाला, म्हणजे आचाऱ्याला, ते मिळत नाही, कारण २४ मार्च २०२० पूर्वी तो फेरीवाला नव्हता. भविष्य निर्वाह निधीचे मालक-कामगार दोघांचे हप्ते केंद्राने २०२० साली सहा महिने भरले, पण त्यासाठी आधी निधीत खाते हवे. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या हॉटेलात ते बहुधा नसते. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नाव असलेल्या कामगाराला नोकरी गेल्यावर नव्वद दिवसांपर्यंत निम्मे वेतन मिळण्याची सोय आहे. आमच्या ओळखीत ती मिळालेला माणूस मला माहीत नाही, कारण त्यातही नाव नोंदलेले लागते.

सोलापूरची म्हणून एक गोष्ट सांगतो. इथल्या मटण खानावळी आणि साध्या भोजनालयांत भाकरी करणाऱ्या बायका असतात. कडक भाकरी, ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी. अनेक जणी नगावर काम करतात आणि हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. काही जणींच्या घरातील पुरुष यंत्रमागावर होते आणि कारखानेही थांबले होते. पार्सलमध्ये भाकरीऐवजी चपाती किंवा रोटी जास्त जाते, त्यामुळे धंदा अर्धवट सुरू झाला तरी त्यांचे काम परत आलेले नाही. मालक नुकसान सांगताना टेबलांचा हिशोब सांगतात. या बायकांचा हिशोब कोणत्याच वहीत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. निवेदन देण्यापूर्वी प्रत्येक हॉटेलने आपल्याकडे मार्च २०२० मध्ये काम करणाऱ्या सर्वांची यादी करावी. पगारी, रोजंदारी, नगावरच्या, सगळ्यांची, बँक खात्यासह. ती सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी आणि तिच्या आधारे बंद काळातील प्रत्येक महिन्यासाठी थेट खात्यात मदत मागावी. गावाकडे निघून गेलेल्यांचीही नावे त्यात असावीत. आमचे कलबुर्गीकडचे आणि ओडिशाकडचे सोबती अजून परतलेले नाहीत, चारपर्यंतच्या अर्ध्या पगारासाठी ते येणार नव्हतेच, त्यामुळे रात्री दहापर्यंतची परवानगी उद्या मिळाली तरी ते लगेच हाताशी नसतील, हेही मालकांनी लक्षात घ्यावे.


उत्तर ४
लॉज_पंढरपूर, ६ ऑगस्ट २०२१

आमचे गाव याच जिल्ह्यात आहे, तरी आमची मागणी तुमच्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून चार ओळी लिहितो. वेळ रात्री दहापर्यंत वाढली काय किंवा न वाढली काय, मंदिर बंद असेपर्यंत पंढरपुरात जेवायला आणि राहायला कोण येणार? लॉजला ८ जुलै २०२० पासून ३३ टक्के क्षमतेने परवानगी मिळाली, पण आमच्याकडे ती वापरायला भाविकच नव्हते. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार वाऱ्यांवर आमचे वर्ष उभे असते. २०२० ची आषाढी १ जुलैला झाली आणि यंदाची २० जुलैला. दोन्ही वेळी मानाच्या पालख्या एसटीने आल्या आणि गावात संचारबंदी होती. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. लाखोंची वारी भरली असती तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. परंतु शासनाने सर्वांच्या आरोग्यासाठी जो धंदा थांबवला, त्याचा भार एकट्या पंढरपूरकरांनी का उचलावा? आमच्यासाठी भरपाई हीच पहिली मागणी आहे. तुमच्या निवेदनात पंढरपूर आणि अक्कलकोट यांचा स्वतंत्र परिच्छेद ठेवणार असाल, तर येथील लॉजमालकही सही करतील.


प्रश्नकर्त्याची नोंद
स्टेशनरोड_भोजनालय, ६ ऑगस्ट २०२१

सर्वांचे मनापासून आभार. आज ही उत्तरे आमच्या मंडळींना वाचून दाखवली. कामगारांची यादी करण्याचे काम दोघांनी अंगावर घेतले आहे, आणि नगावर काम करणाऱ्या भगिनींची नावे त्यात असतीलच. डॉक्टरसाहेबांच्या अटी बहुतेकांनी मान्य केल्या. पडद्यांचे कप्पे काढण्यावर काही जणांनी कुरकुर केली, पण तेही तयार होतील असे वाटते.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली भाड्याची: बंद काळातील भाडे कायद्याने माफ होते का? आमच्यातील निम्म्याहून अधिक गाळे भाड्याचे आहेत. दुसरी शंका अशी की १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीचे मतदान झाले, त्याआधी सभा झाल्या, आणि त्याच सुमारास आमची हॉटेले बंद केली गेली, हा मुद्दा निवेदनात घालावा असा काहींचा आग्रह आहे. घालावा का?


उत्तर ५
करसल्लागार_वकील, ७ ऑगस्ट २०२१

पोटनिवडणुकीचा मुद्दा घालू नये. तो खरा आहे आणि त्यामागचा राग मी समजू शकतो. पण ज्याच्याकडे आपण न्याय मागतो आहोत, त्याला त्या परिच्छेदाला उत्तर देता येणार नाही, आणि उत्तर देता न येणारा कागद बाजूला ठेवला जातो. शिवाय सभांमुळे धोका वाढला असे म्हणताना गर्दीने धोका वाढतो हे आपण मान्य करतो, आणि मग तोच युक्तिवाद आपल्या टेबलांवर येतो.

भाड्याविषयी: कायद्याने आपोआप माफी मिळत नाही. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे खान मार्केटमधील एका दुकानाचे प्रकरण आले होते. न्यायालयाने असे म्हटले की भाडेकरू जागा सोडत नाही, ताबा ठेवतो, तर टाळेबंदीच्या कारणावरून भाडे स्थगित करून मागता येणार नाही. करारातच तशी तरतूद असेल तर गोष्ट वेगळी. भरण्यासाठी थोडी मुदत मात्र दिली. तो निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाही, तरी दिशा त्यावरून कळते. तेव्हा करारनामा काढून 'दैवी आपत्ती' किंवा तत्सम कलम आहे का ते पाहावे. नसेल तर मालकाशी समोरासमोर बसून तडजोड करावी, आणि जी तडजोड होईल ती लेखी करून घ्यावी. तोंडी दिलेली सूट पुढच्या पिढीत वादाचे कारण होते. नव्या करारात मात्र शासकीय आदेशाने व्यवसाय बंद राहिल्यास भाडे किती द्यायचे, हे कलम अवश्य घालून घ्यावे.

आता मूळ प्रश्न, क्रमाचा. वेळ आधी की मदत आधी, हा वाद मला अनावश्यक वाटतो, कारण या दोन मागण्या दोन वेगळ्या काळांसाठी आहेत. वेळेची मागणी पुढच्या दिवसांसाठी आहे आणि तिचा आधार सुरक्षिततेची हमी हा आहे. मदतीची मागणी मागच्या दिवसांसाठी आहे आणि तिचा आधार शासनाचे स्वतःचे आदेश आहेत. दुसरी मागणी पहिलीला भीक म्हणून जोडली की दोन्ही दुबळ्या होतात. इतर देशांनी हे वेगळे ठेवले. जर्मनीने नोव्हेंबर २०२० मध्ये उपाहारगृहे बंद करताना, आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या उलाढालीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची योजना त्याच बंदीसोबत आणली. ब्रिटनने घरी बसलेल्या कामगारांच्या वेतनाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग ठरावीक मर्यादेत उचलला. अमेरिकेने यंदा उपाहारगृहांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा निधी ठेवला आणि मागणी त्याच्या कितीतरी पट आल्याने तो काही आठवड्यांतच संपला. आपल्या राज्याची ऐपत तेवढी नाही, हे खरे आहे, म्हणून मी ७५ टक्के मागा असे म्हणत नाही. पण बंदीचा आदेश आणि त्या बंदीची भरपाई एकाच वेळी ठरावी, हे तत्त्व मागायला पैसे लागत नाहीत, आणि पुढची लाट आली तर तेच कामाला येईल.

कोणाकडे काय मागायचे, यात बहुतेक निवेदने फसतात. सगळ्या मागण्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या जातात, आणि त्यांतील बऱ्याचशा त्यांच्या अधिकारातच नसतात. वेळेचा निर्णय राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचा, म्हणजे मुख्य सचिवांच्या सहीने निघणाऱ्या आदेशाचा आहे. जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त राज्याच्या आदेशापेक्षा सैल नियम लावू शकत नाहीत, पण शहराची स्थिती कळवून शिफारस करू शकतात. त्यामुळे त्यांच्याकडे परवानगी नव्हे, शिफारस मागावी. सोबत शहरातील आकडे ग्रामीण भागापासून वेगळे पाहावेत, अशी विनंती करावी. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीसाठी महापालिकेत जावे आणि विषय महासभेपुढे ठराव म्हणून यावा यासाठी नगरसेवकांना गाठावे. परमिट रूमच्या अनुज्ञप्ती शुल्काचा प्रश्न राज्य उत्पादन शुल्क विभागाचा आहे. ते शुल्क वर्षासाठी आगाऊ घेतले जाते, म्हणून जितके महिने परवाना वापरता आला नाही तितक्या प्रमाणात परतावा किंवा पुढील वर्षात वजावट, अशी मागणी करावी. मुंबईच्या हॉटेलचालकांची 'आहार' ही संघटना आणि पश्चिम भारताची हॉटेल संघटनाही शुल्कात सूट मागत आहेत, तेव्हा सोलापूरचे पत्र त्यांनाही पाठवावे. जीएसटीचा विषय राज्यात सुटणार नाही. नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहांना ५ टक्के कर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. नोंदणीकृत मालकाच्या भाड्यावरचा आणि व्यावसायिक गॅस सिलिंडरवरचा १८ टक्के कर खर्चातच जातो. बंद काळातही भाड्यावरचा कर भरला गेला. हा मुद्दा जीएसटी परिषदेपुढे नेण्यासाठी राज्याच्या अर्थमंत्र्यांना वेगळे पत्र द्यावे.

नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारण्याचे ठरवले. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना वाटते की ही सवलत आपल्यालाही लागू आहे. ती पर्यटन विभागाच्या निकषांत बसणाऱ्या निवासी हॉटेलांसाठी आहे. ज्यांची लॉज त्या निकषांत बसू शकते त्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचा अर्ज करावा. खानावळी आणि भोजनालये मात्र त्याबाहेर आहेत, आणि त्यांना त्या दर्जात आणावे ही मागणी निवेदनात ठळकपणे यावी. लहान माणसाला मोठ्या हॉटेलापेक्षा महाग वीज पडावी, याला कोणताही आधार नाही.

विजेचाच दुसरा भाग. टाळेबंदीच्या सुरुवातीला वीज नियामक आयोगाने वाणिज्यिक ग्राहकांना तीन देयकांपुरती स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी लागणारी रक्कम, भरण्यास मुदत दिली होती. ती माफी नव्हती, रक्कम पुढे भरावी लागलीच. बंद महिन्यांचा स्थिर आकार राज्याने महावितरणला अनुदान देऊन भरावा, अशी मागणी ऊर्जा विभागाकडे करावी. पत्राला मार्च २०२० पासूनची देयके जोडावीत, म्हणजे वापर जवळजवळ शून्य असताना आकार किती लागला, ते वेगळे सांगावे लागणार नाही. ज्यांचा मंजूर भार वीस किलोवॅटपेक्षा जास्त आहे, त्यांचा स्थिर आकार मागणीनुसार लागतो. वातानुकूलित दालने तूर्त बंद ठेवण्याचे तुम्ही ठरवत आहातच, तेव्हा अशा हॉटेलांनी भार कमी करून घेण्याचा अर्ज महावितरणकडे लगेच द्यावा. वीस किलोवॅटच्या आतील खानावळींना त्या अर्जाचा उपयोग नाही, त्यांचा आकार जोडणीमागे ठरावीक असतो, म्हणून अनुदानाची मागणी करताना त्यांची देयके वर लावावीत.